ट्रंककाकू

काकूंना हळू बोलता येत नसे. विश्रामबागेतल्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या रेक्टर. तळमजल्यावरच्या ऑफिसच्या दारात उभ्या राहून त्यांनी हाक मारली, की वरच्या मजल्यावर आंघोळीला गेलेली मुलगी तोंडाला साबण असतानाच 'आले काकू' म्हणून ओरडायची. भेटायला कुणी आलं की आरोळी ठरलेली असे. "अश्विनी, विट्याहून पार्टी आलीय. बोला." वडील असोत, मावशी असो, नाहीतर पार्सल घेऊन आलेला माणूस असो, काकूंच्या लेखी सगळ्या पार्ट्याच. मी राहायला आले त्याच आठवड्यात माझे वडील घरी विसरलेली उशी द्यायला आले, तेव्हा काकूंनी "कोरेगाव पार्टी" असा पुकारा केला. वडील बाकावरून उठून उभेच राहिले. कुठल्या तरी राजकीय पक्षाचं नाव आपल्याला चिकटतंय असं त्यांना वाटलं असावं.

काकूंची सगळी उमेदीची वर्षं साताऱ्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून गेली होती. ट्रंक कॉल म्हणजे काय, हे आमच्या वयाच्या मुलींना त्या कौतुकानं समजावून सांगत. कॉल आधी नोंदवायचा, मग वाट बघत बसायचं. ऑपरेटरबाई बोर्डाच्या भोकात दोरी खुपसून दोन गावं जोडून देणार. आवाज इतका बारीक यायचा की दोन्हीकडची माणसं, म्हणजे ऑपरेटरच्या भाषेत 'पार्ट्या', आणि मधली ऑपरेटरसुद्धा ओरडूनच बोलायची. तो आवाज काकूंच्या गळ्यात कायमचा राहिला, म्हणून त्या आमच्या ट्रंककाकू. पुढे बोर्ड गेले, ऑपरेटर गेले, काकूंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. यजमान त्याआधीच गेले होते, मूलबाळ नव्हतं. सांगलीच्या एका शिक्षण संस्थेला मुलींच्या वसतिगृहासाठी कडक बाई हवी होती. बाई कडक मिळाली. संस्थेला हवी होती त्या जातीची कडक मिळाली नाही, एवढंच.

त्यांच्या कडकपणाबद्दल मात्र कुणाला शंका नसावी. पाणी तापवायच्या कॉइलवर त्यांचा दात होता. आठवड्यातून एकदा त्या न सांगता खोल्यांमधून फिरत, कपाटं उघडायला लावत, गादी उचलून बघत. कॉइल सापडली की ती जप्त होई आणि सुट्टीला घरी जाताना परत मिळे. कुठल्या खोलीत नूडल्स शिजतायत हे त्यांना जिन्यावरच कळे. फाटक बंद व्हायच्या वेळेला उशीर झाला तर उशिराचं कारण त्या विचारत नसत, शिक्षा मात्र देत. सकाळच्या पोळ्या लाटायला बसवत. "कारण सांगू नकोस. कारणं मला ऐकायची नाहीत. लाटणं घे." त्या वेळी आम्हांला हा खडूसपणा वाटे. कारण न विचारणं ही त्यांची मेहेरबानी होती, हे कळायला पुढची दोन वर्षं जावी लागली.

गाद्या उचलणाऱ्या ह्याच काकू आमच्या फोनला हात लावताना वेगळ्याच होत. खोलीत शिरल्यावर कुणाचा फोन पलंगावर उघडा, पडदा पेटलेला असा पडलेला दिसला, की त्या नजर दुसरीकडे वळवून तो पालथा घालत. ज्या मुलीचा असेल तिला म्हणत, "बाळा, दार उघडं राहिलंय तुझं." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी खरंच खोलीच्या दाराकडे बघितलं होतं.

एकदा पोळ्या लाटायची पाळी माझ्यावर आली तेव्हा मी त्यांना विचारलं, की कपाटं चालतात आणि फोन का चालत नाही. त्या शेजारी बसून पोळ्यांना तेल लावत होत्या. म्हणाल्या, "कॉइलनं बिल्डिंग जळेल. म्हणून कपाट बघते. फोननं काय जळणार आहे माझं?" मग थोड्या वेळानं, न विचारता, बोर्डाचं सांगायला लागल्या. बोर्डावर एक किल्ली असायची. ती ओढली की दोन्हीकडचं बोलणं ऑपरेटरच्या कानात. लाइन चालू आहे का हे मधूनमधून बघावंच लागायचं. "माणसं बोलतायत ना, एवढंच ऐकायचं. काय बोलतायत ते नाही. आमच्या थोरल्या ऑपरेटरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कानात पडलं तर पडू दे, उचलू नकोस." मी म्हटलं, पण ऐकू तर येतच असणार. "येतं की. तेव्हा फोन म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी गेल्याचा. माणूस तिकडं हुंदके देऊन रडतोय आणि आपण त्याच्या कानाशी बसलोय, आणि हे त्याला माहीतच नाही. लाज वाटायची गं. मी पटकन किल्ली सोडायची."

मी कॉम्प्युटर शिकत होते, म्हणून काकूंच्या स्वतःच्या फोनची डॉक्टर मीच. भाच्यानं दिलेला तो फोन त्या संशयानंच वापरत. एक दिवस त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. अंधारात जिन्यावर लागते म्हणून त्यांनी बॅटरीचं अ‍ॅप घेतलं होतं आणि ते अ‍ॅप त्यांच्याकडे सगळे नंबर बघायची परवानगी मागत होतं. "बॅटरीला माझ्या बहिणीचा नंबर कशाला लागतो? उजेड पाडायला तिला विचारणार आहे का?" मला हसू आलं, पण प्रश्न बरोबर होता. तशी परवानगी आम्ही सगळ्याजणी रोज न वाचता देत होतो. मी ते अ‍ॅप काढून दुसरं घातलं, आणि सांगितलं की हे ज्यांनी केलंय त्यांनी आत काय लिहिलंय ते सगळं उघडं ठेवलंय. ज्याला समजतं त्यानं वाचावं, हवं तर बदलून घ्यावं. काकूंना हे फार पटलं. "म्हणजे आमच्या बोर्डासारखं. मागची फळी काढली की कुठली तार कुठं जाते ते दिसायचं." त्यानंतर फोनमध्ये काहीही घालायचं झालं की त्या मला विचारत, "हे उघड्या फळीचं आहे का गं?"

त्या वर्षी सांगलीतच दुसऱ्या एका वसतिगृहातली मुलगी घरी न कळवता लग्न करून गेली. तिचं ती सुखात होती म्हणे. पण आमच्या पालकांची झोप उडाली. संस्थेच्या सेक्रेटरींनी पालकसभा बोलावली. सभागृहात पालक, मागच्या बाकांवर आम्ही मुली, पुढे टेबलाशी सेक्रेटरी, काकू, आणि पांढरा शर्ट घातलेला एका कंपनीचा माणूस. त्यानं पडद्यावर एक अ‍ॅप दाखवलं. प्रत्येक मुलीच्या फोनमध्ये ते बसणार. ती कुठे आहे, कुणाशी बोलली, तिला काय मेसेज आले, हे पालकांना घरबसल्या कळणार आणि वसतिगृहाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरही दिसणार. ठरलेल्या हद्दीबाहेर मुलगी गेली की आपोआप निरोप. मुलीला ते काढून टाकता येणार नाही. हे शेवटचं वाक्य तो दोनदा बोलला आणि दोन्ही वेळा सभागृहात समाधानाची कुजबुज झाली.

काकूंनी हात वर केला. टेबलाशी बसलेल्या बाईनं शाळेतल्या मुलीसारखा हात वर केलेला बघून सेक्रेटरी गोंधळले. काकूंनी कंपनीच्या माणसाला विचारलं, "ह्याच्या आत काय आहे, ते आमच्यातल्या कुणा जाणत्याला उघडून बघता येईल का? पोरींचं हे सगळं कुठं जातं, कोण बघतं, कधी पुसतं?"

"मॅडम, ते कंपनीचं सीक्रेट असतं. तसं दाखवता येत नाही."

"म्हणजे पोरींचं सगळं उघडं आणि तुमचं तेवढं झाकलेलं."

मागच्या बाकांवर आम्ही हसलो. पुढच्या बाकांवर कुणी हसलं नाही. माझ्या खोलीतल्या अश्विनीचे वडील उठले. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, विट्याच्या बाजूला ऊस करणारे, ताठ मानेचे गृहस्थ.

"मॅडम, राग मानू नका. पोरगी आमची हाय. फोन आमी घेऊन दिलाय. मग त्यात काय चाललंय ते आमी बघितलं तर बिघडलं कुठं?"

"सुभेदारसाहेब, तुम्ही सरहद्दीवर असताना घरी पत्रं लिहीत होता ना?"

"व्हय. लिवायचो की."

"ती कुणी मधेच फोडून वाचली असती तर?"

"वाचायचेच की. पुढच्या ठाण्यावर असलं म्हंजी पत्रं तपासूनच जायाची."

सगळं सभागृह हसलं. काकूही हसल्या. मग त्यांनी विचारलं, "मग अशा पत्रात तुम्ही काय लिहायचात?"

"काय लिवणार? खुशाल हाय, काळजी करू नका. तेवढंच."

"आता तुमची पोरगी पण तुम्हाला तेवढंच कळवेल," काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या.

सुभेदार उभेच होते. क्षणभर मला वाटलं, हा माणूस काहीतरी वेगळं बोलणार. पण सेक्रेटरींनी मुलींची सुरक्षितता हा शब्द उच्चारला, आणि त्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नाही. सगळ्या पालकांनी सह्या केल्या. माझ्या वडिलांनीही केली. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "तुझ्यावर विश्वास हाय गं. पन सगळ्यांनी केली." 'पण सगळ्यांनी केली' ह्या कारणासाठी ह्या देशात काय काय होतं ह्याची यादी मी तेव्हापासून मनात करत आले आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये अ‍ॅप बसवायचं काम झालं. आम्ही रांगेनं फोन द्यायचे, कंपनीचा माणूस पटापट बटणं दाबायचा. काकूंनी फोन गोळा करून आणावेत असं सेक्रेटरींनी सांगितलं होतं. काकू स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ निवडत बसल्या. पुढच्या रविवारी मी ते अ‍ॅप काढायची खटपट केली. मला वाटलं होतं, आपण एवढं शिकतोय तर जमेल. फोननं मला सरळ सांगितलं की तुम्हाला हा अधिकार नाही. हातात धरलेला, माझ्या नावाचा फोन, आणि तो मला अधिकार नाही म्हणून सांगत होता. वर त्यानं घरी निरोपही पाठवला. आईचा लगेच फोन आला. "काय लपवतीयास गं तू?" लपवण्यासारखं माझ्याकडे त्या वेळी काहीच नव्हतं. पण ह्या प्रश्नानंतर आमच्या बोलण्यात जी अढी पडली, ती अजून पुरती गेलेली नाही.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर सांगलीचा नकाशा दिसे आणि त्यावर आम्ही सगळ्याजणी ठिपके होऊन हलत असू. काकूंनी त्यावर क्रोशाचा विणलेला रुमाल टाकला. सेक्रेटरी पाहणीला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, हा पडदा कशाला?" काकू म्हणाल्या, "मुलींचं वसतिगृह आहे साहेब. पडदा नको का?" सेक्रेटरींनी रुमाल घडी करून टेबलावर ठेवला. ते फाटकाबाहेर पडायच्या आत तो पुन्हा जागेवर होता.

आम्ही लवकरच शहाण्या झालो. म्हणजे लहान झालो. मैत्रिणीला 'आज लय रडले' असं लिहून मुली ते पाठवायच्या आत खोडून टाकू लागल्या. 'जेवलीस का, जेवले, अभ्यास चालू आहे' एवढीच वाक्यं आमच्या फोनमधून ये-जा करत. पालक खूश होते. त्यांच्या मुली एकदम सरळ झाल्या होत्या.

अश्विनी मात्र त्याच्याही आधीपासून गप्प झाली होती. ती रात्री जागी असे, सकाळी उठत नसे. केस विंचरायचंही बंद केलं. मला वाटायचं की अभ्यासाचा ताण असेल. काकूंनी ते तिच्या ताटावरून ओळखलं. भाकरीचे बारीक तुकडे करून ती ताटातच पसरून ठेवते आणि जेवल्यासारखं दाखवते, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी तिला ऑफिसात बोलावलं. त्या ओरडणाऱ्या बाईचा आवाज त्या दुपारी बाहेर अजिबात आला नाही. त्यानंतर दर आठवड्याला काकू तिला, फोन खोलीतच ठेवायला लावून, मिरजेला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन जाऊ लागल्या. हे तिनं मला सांगितलं, आणि दिवाळीत घरी गेल्यावर आईला सांगणार आहे असंही म्हणाली. कसं सांगायचं ते ती माझ्यासमोर बोलून बघायची. "आई, मला मधी बरं वाटत नव्हतं. आता वाटतंय." एवढी दोन वाक्यं. दर वेळी दुसऱ्या वाक्यापर्यंत तिचा आवाज थोडा जास्त सुटा येई. गोळ्यांनी तिला झोप लागायला लागली होती. एका सकाळी तिनं माझा कंगवा मागितला, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तिची वेणीच घालून दिली.

दिवाळीच्या थोडं आधी दवाखान्याचा मेसेज तिच्या फोनवर आला. पुढच्या भेटीची वेळ आणि डॉक्टर कशाचे तेही. सुभेदारांना ते अ‍ॅप चालवता येत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याचा पासवर्ड पुतण्याला देऊन ठेवला होता. पुतण्यानं मेसेज वाचला. त्यानं काकांना सांगण्याआधी घरच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर सगळी भावकी होती. सुभेदारांना हे बांधावर उभं असताना शेजारच्या माणसानं विचारल्यावर कळलं.

ते दुपारी आले. काकूंनी त्या दिवशी पुकारा केला नाही. जिना चढून स्वतः खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "अश्विनी, वडील आलेत. मी आहे तिथं." मी तिच्याबरोबर खाली गेले. सुभेदार खुर्ची असून उभे होते.

"मॅडम, माझी पोरगी येड्याच्या डाक्टरकडं जातीया, आन ते मला गावातली मानसं सांगत्यात. तोंड कसं दाखवू मी?"

"साहेब, तिला झोप येत नव्हती, जेवण जात नव्हतं. आता दोन्ही होतंय. अजून काही दिवस औषध लागेल. वेडबिड काही नाही."

"तुमास्नी म्हाईत हुतं."

"होतं. मीच नेत होते तिला."

"मग मला का न्हाई कळवलं? बाप हाय मी तिचा."

"कळवायचं काम तिचं होतं. ती तयारी करत होती. तुम्ही दिवाळीपर्यंत थांबला असता, तर तुमच्या लेकीनं तुम्हाला स्वतःच्या तोंडानं सांगितलं असतं."

सुभेदारांचे डोळे भरून आले होते. तो वाईट माणूस नव्हता. हेच मला अजून सहन होत नाही. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. ते लेकीकडे वळून म्हणाले, "मला सांगायचं न्हवतं व्हय गं?" जी दोन वाक्यं अश्विनीनं इतक्या वेळा म्हणून ठेवली होती, ती आता निरुपयोगी झाली होती. तिचं सामान आम्ही बांधलं. काकूंनी गोळ्यांची पाकिटं सुभेदारांच्या हातात दिली, कुठली सकाळी, कुठली रात्री ते समजावलं, आणि मधेच बंद करू नका असं तीन वेळा सांगितलं. त्यांनी ती खिशात घातली. पुढे कळलं की घरी पोचल्यावर कुणा शहाण्या नातेवाइकानं असल्या गोळ्यांची सवय लागते असं सांगितलं आणि त्या बंद झाल्या.

अश्विनी कॉलेजला परत आली नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. त्यानंतर ती मला एकदाच भेटली, मिरजेच्या स्टँडवर. सासूबाई सोबत होत्या. अंगानं वाळली होती. मी नंबर मागितला तर म्हणाली, "माझ्याकडं फोन न्हाई आता. यांच्या फोनवर करत जा." मग स्वतःच म्हणाली, "नको, नकोच करू."

तिला नेल्यावर आठवड्याभरात काकूंना कमिटीपुढे बोलावलं गेलं. पालकांपासून माहिती लपवली, संस्थेचं नाव खराब केलं, असा आरोप होता. लेखी माफीनामा द्या आणि तुमच्या स्वतःच्या फोनमध्येही ते अ‍ॅप बसवून घ्या, मग विचार करू, असं सेक्रेटरी म्हणाले. काकूंनी आम्हांला नंतर सांगितलं, "माफी मी मागितली असती. माफीनं माझं काय झिजतं? पण फोन माझा आहे. त्यात कोण बसणार ते मी ठरवणार." नोकरी गेली. मुली पळून जायला लागल्या तर जबाबदार कोण, असं विचारणाऱ्या त्या कमिटीत एकानंही अश्विनी आता कशी आहे हे विचारलं नाही.

काकू निघाल्या त्या दिवशी आम्ही सगळ्या फाटकाशी जमलो. रिक्षा रस्त्याच्या पलीकडे उभी होती. अभ्यासाची वेळ होती, आणि अभ्यासाच्या वेळात आमची हद्द फाटकापाशी संपत होती. बाहेर पाऊल टाकलं की घरी निरोप. पुष्कळ मुली फाटकाच्या आतच उभ्या राहिल्या, गजातून हात बाहेर काढून. आम्ही तिघी-चौघी काकूंच्या पिशव्या घेऊन रस्ता ओलांडून गेलो. माझा फोन रिक्षापाशी पोचायच्या आत वाजला. मी तो वाजू दिला. काकूंनी आतल्या मुलींकडे बघितलं, मग आमच्याकडे. म्हणाल्या, "त्यांना बोलू नका हं काही. घाबरतं माणूस." त्यांच्या जागी जी बाई आली ती हळू बोलायची. दिवसभर त्या कॉम्प्युटरसमोर बसून असायची.

शिक्षण संपून मी पुण्याला नोकरीला लागले. काकूंशी अधूनमधून बोलणं होई. एकदा बरेच दिवस त्यांचा फोन लागला नाही, तेव्हा मी साताऱ्याला गेले. गोडोलीत त्यांची दोन खोल्यांची जागा होती. बाथरूममध्ये पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दिवसा एक बाई कामाला येत. काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा फुलला, पण "ये गं" एवढंच म्हणाल्या, तेही इतकं हळू की मला वाटलं, आजारपणानं ताकद गेली असेल. मग त्यांनी डोळ्यांनी समोर दाखवलं. टीव्हीच्या वर फळीवर एक पांढरा, लिंबाएवढा कॅमेरा होता. त्याचा बारीक दिवा पेटलेला होता.

"भाचा येऊन बसवून गेला," त्या पुटपुटल्या. "परदेशात असतो. तिकडून बघतो मला. विचारलं नाही, येतानाच घेऊन आला."

"काकू, बंद करू का? मला येतं."

"नको. बंद दिसला की तो कामावर असला तरी फोन करत सुटतो, शेजाऱ्यांना पळवतो." मग बराच वेळ त्या माझ्या हातावरून हात फिरवत राहिल्या. "मायेनं करतो गं तो. लहानपणी माझ्याच मांडीवर वाढलाय. सेक्रेटरीशी भांडता आलं मला. ह्याच्याशी काय भांडू?"

मी काही बोलणार एवढ्यात कॅमेऱ्यातून पुरुषाचा आवाज आला. "मावशी, कोण आलंय?"

काकूंनी माझं नाव सांगितलं. सांगलीला माझ्याकडे होती, म्हणाल्या.

"अरे वा. ताई, बसा हं, चहा घेऊन जा," आवाज म्हणाला. आवाज खरंच प्रेमळ होता.

त्यानंतर तासभर आम्ही पुण्यातल्या पाण्याविषयी, माझ्या ऑफिसच्या जेवणाविषयी आणि पाचगणीच्या थंडीविषयी बोललो. अश्विनीचं नाव दोघींच्याही ओठांवर येऊन गेलं असेल. कुणीच घेतलं नाही.

पावसाळा संपता संपता काकू गेल्या. सकाळी उठल्याच नाहीत. भाचा तातडीनं आला होता. दिवस झाल्यावर मी भेटायला गेले तेव्हा त्यानं मला फोन पुढे करून दाखवला. काकू पलंगावर बसून केस विंचरत होत्या. काकू औषध घेऊन तोंड वाकडं करत होत्या. कामाच्या बाई त्यांचं अंग पुसत होत्या, ते त्यानं घाईघाईनं पुढे सरकवलं. मग एके ठिकाणी काकू एकट्याच बसून रडत होत्या, कशासाठी ते त्यालाही माहीत नव्हतं. तो कॅमेरा फक्त दाखवत नव्हता, साठवतही होता, आणि हे काकूंना कुणी सांगितलेलं नव्हतं. साठवत होता तोही घरात नव्हे, कुठल्या तरी कंपनीच्या कुठल्या तरी देशातल्या मशीनवर.

मी त्याला म्हटलं, हे सगळं पुसता येतं. मी बसून करून देते. निदान अंग पुसतानाचं आणि हे रडण्याचं.

त्यानं फोन मागे घेतला. "राहू दे ताई. मावशी एवढीच उरलीय आता माझ्याकडे."

मी पुसायचा विषय सोडून दिला. शोकातल्या माणसाला नको म्हणायचा हक्क माझा नव्हता. तो हक्क ज्यांचा होता, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.